मान वळली पाहिजे

संपादकांनी मला पाठवलं ते चाकांसाठी. मागचे पाय गेलेली कुत्री पाइपच्या दोनचाकी गाड्यांवर पळतात, फोटो झकास येतात, सोबत हजारेक शब्द दे, एवढंच त्यांचं म्हणणं. सासवड रस्ता सोडून दीडेक किलोमीटर आत गेलं की पोल्ट्रीची जुनी शेड लागते. फाटकापाशी पोचायच्या आत भुंकण्याचा कल्लोळ उठला. ओले हात पँटला पुसत साठीचा एक माणूस बाहेर आला. "भिऊ नका ताई. भुंकत्यात ती बरी हायेत. गप पडल्यालं कुत्रं आलं की माझ्या पोटात गोळा येतो."

सगळे त्यांना मामा म्हणतात. भोसरीतल्या एका कारखान्यात ते फिटर होते. कारखाना बंद पडल्यावर इथं जाळीची दारं बसवायला आले आणि राहिले. पशुवैद्य आठवड्यातून तीनदा येतात. बाकी वेळ मामा, दोन मदतनीस आणि ४६ कुत्री.

या कामाला आपल्याकडे जुनी परंपरा आहे. मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेवर चिडून मुंबईतले पारशी १८३२ मध्ये रस्त्यावर उतरले होते. १८७४ मध्ये प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्ध काम करणारी संस्था मुंबईत निघाली. पुढे दहाएक वर्षांत दिनशा माणेकजी पेटिट यांनी परळला जनावरांचं रुग्णालय उभारलं आणि त्याला पत्नी साकरबाईंचं नाव दिलं. ते आजही चालू आहे. या शेडला असा इतिहास नाही. एका निवृत्त शिक्षिकेनं जागा भाड्यानं घेतली, चार मित्रांनी पैसे घातले, एवढीच तिची स्थापनाकथा.

मी पोचले त्याच सकाळी छोट्या टेम्पोतून एक पिवळट कुत्री आली. हायवेवर धडक बसलेली, गोणपाटावर निजवलेली. तिला थेट आत घेतलं नाही, आधी वेगळ्या पिंजऱ्यात ठेवलं. रेबीजचा एक प्रकार मुका असतो. कुत्रं पिसाळत नाही, चावत सुटत नाही. पाय लुळे पडतात, जबडा लोंबतो, लाळ गळते. बघणाऱ्याला वाटतं, बिचाऱ्याच्या घशात हाड अडकलंय, आणि तो तोंडात हात घालतो. म्हणून इथं काम करणाऱ्या प्रत्येकानं आधीच लस घेतलेली असते, आणि अपघात डोळ्यांदेखत झालेला नसेल तर नवं कुत्रं दहा दिवस नजरेखाली राहतं. हिचा अपघात टेम्पोवाल्यानंच पाहिला होता, तरी मामांनी तिला सूट दिली नाही. हातमोजे चढवून डॉक्टर मात्र लगेच आत गेले.

त्यांनी चिमट्यानं मागच्या पायाचं बोट दाबलं. पाय झटकन आत ओढला गेला. मला हायसं वाटलं. "कळतंय की तिला!" मी म्हणाले.

"पायाला कळलंय," मामा म्हणाले. "तिला कळलं का, ते बघायचंय. मान वळली पाहिजे."

कण्याचा खालचा भाग शाबूत असेल, तर चिमटा बसल्यावर पाय आपोआप मागे जातो. त्यासाठी मेंदू लागत नाही. वेदना मणक्यातून वर डोक्यापर्यंत पोचली, तरच कुत्रं वळून बघतं, कण्हतं किंवा चावायला धावतं. डॉक्टरांनी पुन्हा दाबलं, जरा जास्त. पाय आत गेला. कुत्री समोर पाण्याच्या भांड्याकडे बघत राहिली. मान वळली असती तर पिंजऱ्यातली विश्रांती, औषधं, मालिश आणि पाय परतण्याची बरी आशा. नाही वळली, तर आशा अगदी थोडी.

मग येते गाडी, जिच्यासाठी मी आले होते. मामा तीन मापं घेतात. जमिनीपासून जांघेची उंची, पुठ्ठ्याची रुंदी, खांद्यापासून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी. नळकामातला पीव्हीसी पाइप, कोपऱ्यांना एल्बो आणि टी, लहान मुलांच्या बाबागाडीची चाकं, मांड्या टेकायला फोमवर शिवलेलं रेक्झिनचं खोगीर, छातीला पट्टा. सगळं हुन्नर आसाच्या जागेत असतं. "बैलगाडीचंच गणित," मामा म्हणाले. "चाक पुढं आलं की उलाळ हुती, पट्टा वर उचलून गळ्याला काचतो. मागं गेलं की सगळं वझं खांद्यावर. कुत्र्याला गाडी हाये हे कळलंच न्हाई पायजे." बंड्या नावाच्या काळ्या कुत्र्याची गाडी त्यांनी माझ्यासमोर तिसऱ्यांदा खोलली, आस बोटभर मागे सरकवला, स्क्रू आवळले. बंड्या दोन पावलं अडखळला आणि मग अंगणभर असा सुटला की कोंबड्या उडाल्या. फोटो मिळाला.

पण गाडीत कुत्र्याला बसता-निजता येत नाही, त्यामुळे अर्ध्या तासात ती काढावी लागते. उरलेल्या साडेतेवीस तासांचं काय, हे कळायला मी संध्याकाळपर्यंत थांबले.

कणा तुटला की लघवीवरचा ताबाही जातो. मूत्राशय भरत राहतं, रिकामं होत नाही. तुंबलं की जंतू वाढतात आणि दुखणं मूत्रपिंडापर्यंत चढतं. म्हणून कुणीतरी ते हातानं दाबून मोकळं करायचं. पहाटे साडेपाच, अकरा, संध्याकाळी पाच, रात्री अकरा. रोज. अशी इथं नऊ कुत्री आहेत.

मामांनी त्यांतल्या राणीला दोन गुडघ्यांत उभं धरलं. मागच्या मांड्यांच्या जरा पुढं दोन्ही बाजूंनी तळवे लावले, डोळे मिटले. "आत मोसंबी लागती बघा. बोटांनी न्हाई, तळव्यानं. हळूहळू शेपटीकडं." धार लागली. मग त्यांनी माझे हात तिथं ठेवले. मला मोसंबी सापडेना. सापडली तशी सटकली. जास्त जोर केला तर मूत्राशय फुटू शकतं, हे मामांनी आधीच सांगितलेलं, त्यामुळे जोर होईना. राणी मान वळवून माझ्याकडे बघत होती. शेवटी मामांचा हात माझ्या हातावर आला तेव्हा जमलं.

प्रत्येक वेळेची नोंद शंभरपानी वहीत होते: 'राणी, ५, मोकळं, जरा गढूळ.' गढूळ आलं की डॉक्टरांना फोन. मग कूस बदलायची, घसटून झालेल्या जखमा धुवायच्या, कोरडं गोणपाट घालायचं. सोडवणूक पाच मिनिटांची असते आणि तिचा व्हिडिओ होतो. सांभाळणं म्हणजे ही वही.

सगळीच दुखणी अशी चिवट नसतात. फाटकाजवळ सदाफुलीचं झुडूप आहे. जननेंद्रियावर लालभडक, रक्त गळणाऱ्या गाठी घेऊन येणारी कुत्री बघून लोक तोंड फिरवतात. तो कुत्र्याकुत्र्यांत लागण होणारा कर्करोग आहे. सदाफुलीतूनच मिळणाऱ्या व्हिन्क्रिस्टीनची आठवड्याला एक अशी काही इंजेक्शनं दिली की बहुतेक खडखडीत बरी होतात. खरजेनं सोललेली महिना-दोन महिन्यांत केस घेऊन उभी राहतात. ती आपल्या गल्लीत परत जातात, नव्यांना जागा होते.

अधू कुत्रं मात्र परत जात नाही आणि इथंच सगळं अडतं. २००१ पासूनच्या नियमांची घडी अशी की नसबंदी करा, रेबीजची लस द्या, जिथून उचललं तिथंच सोडा. २०२३ च्या नियमांतही तेच. ज्याला पळून जीव वाचवता येत नाही त्याला सोडणार कुठे? असाध्य आजारी किंवा मरणाच्या दारातल्या कुत्र्याला पशुवैद्यानं वेदनेविना मरण द्यावं, अशी तरतूद आहे. पण बंड्या खातो, खेळतो, भांडतो. त्याला त्यात कसं बसवायचं? म्हणून एक अधू कुत्रं म्हणजे दहाबारा वर्षं अडलेली एक जागा. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२५ मध्ये शाळा, रुग्णालयं, बसस्थानकांच्या आवारातली कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. तेव्हापासून शेडचा फोन थांबत नाही.

शेजारी तक्रार करतात, आणि त्यांचं खोटं नाही. रात्री एक भुंकलं की ४६ भुंकतात. वाडीतल्या एका मुलाला मागे रस्त्यावरचं कुत्रं चावलं. ते इथलं नव्हतं, पण त्याच्या आईला फाटकाआडचं भुंकणं ऐकून झोप लागत नाही. जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी ३६ टक्के भारतात होतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या आईच्या भीतीला भूतदयेचं प्रवचन हे उत्तर नव्हे. मामा तिला लसीकरणाची कार्डं दाखवून आले. तिनं चहा दिला, तक्रार मागे घेतली नाही.

जागेचा करार वर्षा-वर्षाचा आहे. दत्तक घ्यायला येणाऱ्यांना पिल्लं हवी असतात. पण पैसे, जागा यांहून मोठी काळजी मला मामांच्या अंगठ्यांची वाटली. ते सुजतात. सकाळी मूठ मिटत नाही. चाकगाडी दुसरा कुणी बनवील, विकतही मिळते. मोसंबी ओळखणारा तळवा विकत मिळत नाही. दोन पोरं शिकली आणि नोकरी लागताच गेली. रविवारी कॉलेजची मुलं येतात, मन लावून आंघोळी घालतात, पाचच्या आत निघतात.

निघताना मी वही मागून चाळली. पानामागून पान मामांचं तिरपं अक्षर. दिवाळीतही, गणपतीतही. मेमधल्या एका पानावर मात्र रात्री अकराच्या नऊ नोंदी गोल, शाळकरी अक्षरात होत्या. राणीपुढे लिहिलं होतं, 'दोनदा प्रयत्न, मग मोकळं. गढूळ नाही.'

"भाचीचं लगीन होतं वाईला," मामा म्हणाले. "फाटकासमोर ऱ्हाती ती पोरगी थांबली. बारावीला हाये."

"मग पुढं येत नाही का?"

"तिची आय सोडंना." फाटकाबाहेर बोट करून मामांनी घर दाखवलं. तक्रार केलेलं तेच.

मी पान उलटलं. पहाटे साडेपाच, पुन्हा तिरपं अक्षर.