कॉम्प्युटरला आवाज द्या, खिशाला धक्का न लावता!

घरी कॉम्प्युटर आला. गाणं लावलं. पडद्यावर गायकाचे ओठ हलू लागले, पण आवाजाचा पत्ताच नाही! असं का बरं? कारण टेबलावरच्या पुष्कळशा कॉम्प्युटरांत गाणं ऐकवणारा स्पीकर नसतोच. तो बाहेरून जोडावा लागतो.

आता समजा, तुम्ही तामलवाडीत राहता. गाव सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरचं. दादानं कुणाचा तरी जुना कॉम्प्युटर स्वस्तात आणलाय. आवाजाचं सामान घ्यायला एस.टी.नं सोलापूर गाठायचं. चुकीची वस्तू आणली, की दुसऱ्या फेरीचं भाडं अंगावर! म्हणून पैसे काढण्याआधी काय काय तपासायचं, ते आज पाहू.

आधी रंग ओळखा

कॉम्प्युटरच्या पाठीमागे लहान गोल सॉकेट दिसतील. हिरवं सॉकेट स्पीकर किंवा हेडफोनचं. गुलाबी माइकचं. निळ्यातून बाहेरचा आवाज आत घेता येतो. हे रंग 'पीसी ९९' नावाच्या नियमावलीत ठरले. ती मायक्रोसॉफ्ट आणि इंटेल या कंपन्यांनी तयार केली होती. आवाज येत नाही म्हणून नवे स्पीकर आणण्याआधी पिन गुलाबी सॉकेटात तर नाही ना, हे पाहून घ्या!

आता पिन हातात घ्या. तिची जाडी ३.५ मिलिमीटर असते. ही पिन कुणाची नात आहे, ठाऊक आहे? एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या जाड पिनेची! एकाचा फोन दुसऱ्याला जोडून देण्यासाठी ऑपरेटर ती सॉकेटात खोचत. मुंबईत असं एक्स्चेंज १८८२ साली सुरू झालं.

पिनेवरच्या काळ्या रेघा मोजा. दोन रेघा असल्या, तर पिनेचे तीन भाग होतात. टोक डाव्या कानाचं, मधला भाग उजव्या कानाचा आणि तिसरा भाग दोघांचा सामाईक. संबळाच्या जोडीतला एक घुमतो आणि दुसरा कडाडतो ना? तसेच डावा आणि उजवा आवाज इथे वेगवेगळ्या वाटांनी जातात. पिन अर्धवट बसली, तर एक बाजू मुकी होते. तीन रेघांची पिन असेल, तर तो मोबाइलचा माइकवाला हेडफोन. हिरव्या सॉकेटात तो ऐकू येईल, पण त्याचा माइक चालणार नाही. माइकही हवा असेल, तर एका हेडफोनच्या दोन पिना करून देणारी छोटी वायर मागा.

घरातला जुना बॉक्स चालेल का?

इथेच पुष्कळ जण फसतात. माळ्यावर जुन्या टेपरेकॉर्डरचे दोन बॉक्स आहेत, त्यांना पिन लावली की झालं, असं वाटतं. तसं नाही बरं! हेडफोनला अगदी थोडी वीज पुरते. तो बहुधा ३२ ओहमच्या आसपास असतो. बॉक्स मात्र ४ किंवा ८ ओहमचा, आणि त्याचा मोठा पडदा हलवायला ताकद हवी. ती देतो अँप्लिफायर. तो नसेल, तर बॉक्स नुसता कुजबुजेल, आणि कॉम्प्युटरवर उगाच ताण पडेल तो वेगळाच.

पण घरातल्या टेपला किंवा होम थिएटरला 'ऑक्स' लिहिलेलं सॉकेट आहे का? मग तुमचं काम झालं! अँप्लिफायर त्याच्या पोटातच आहे. एका टोकाला ३.५ ची पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या दोन पिना, अशी वायर आणा. लाल उजवी, पांढरी डावी. काही टेपना तिथेही ३.५ चंच सॉकेट असतं. ते आधी पाहूनच वायर मागा. मात्र विजेवर चालणारी कोणतीही पेटी स्वतः उघडायची नाही हं!

असं काहीच नसेल, तर अँप्लिफायर आत असलेले छोटे स्पीकर घ्या. डब्यावर '१००० वॅट पीएमपीओ' असा आकडा दिसला, तर भुलू नका. साधा गुणाकार करा. साधं यूएसबी २.० सॉकेट नियमानुसार ५ व्होल्ट आणि जास्तीत जास्त ०.५ अँपिअर वीज देतं. म्हणजे २.५ वॅट! मग त्यावर चालणारा स्पीकर सतत १००० वॅट आणणार कुठून? डब्यावर 'आरएमएस' शब्दापुढचा आकडा शोधा. तो खऱ्या ताकदीच्या जवळचा.

दोघांत एक

दोन खोल्यांचं घर आहे आणि ताईचा दहावीचा अभ्यास चालू आहे? मग स्पीकरपेक्षा हेडफोनच बरा. दोघा भावंडांना एकच धडा ऐकायचा असेल, तर एका पिनेची दोन सॉकेटं करणारी वायर मिळते. १९७९ साली आलेल्या सोनीच्या पहिल्या वॉकमनलाही दोघांसाठी दोन सॉकेटं होती! मात्र हीच वायर उलटी वापरून कॉम्प्युटर आणि मोबाइल दोन्ही एकाच स्पीकरला जोडू नका. दोघं एकमेकांच्या अंगात वीज ढकलू लागतात.

सर्वांत महाग वस्तू

ती दुकानात मिळत नाही. ती म्हणजे तुमचा कान. कानाच्या आतल्या शंखात केसांसारखे तंतू असलेल्या नाजूक पेशी असतात. मोठ्या आवाजानं त्या मेल्या, की पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनं मुलांसाठी मर्यादा सांगितली आहे ती आठवड्याला ४० तास ७५ डेसिबलची. आवाज ३ डेसिबलनं वाढला, की ऐकण्याची वेळ निम्मी. म्हणजे ७८ ला २० तास आणि ८१ ला फक्त १० तास! म्हणून आधी आवाज कमी करायचा, मग पिन लावायची आणि शेवटी हेडफोन कानाला.

तर मग आज एवढंच करा. बॅटरी घेऊन कॉम्प्युटरच्या मागे डोकवा. किती सॉकेटं, कोणत्या रंगांची, घरातल्या पिनेवर किती रेघा आणि टेपला 'ऑक्स' आहे का, हे चिठ्ठीवर लिहून काढा. ही चिठ्ठी खिशात असली, की काय घ्यायचं ते दुकानदार तुम्हांला सांगणार नाही, तुम्हीच त्याला सांगाल!