रॅम्प आहे, पण चढता येतो का?

नव्या ग्रामपंचायत कार्यालयापुढे, आरोग्य केंद्रापुढे, पालिकेच्या वॉर्ड ऑफिसपुढे आता बहुतेक ठिकाणी रॅम्प दिसतो. पायऱ्यांच्या कडेला सिमेंटचा उतार, कधी त्यावर गुळगुळीत टाइल, कधी एका बाजूला स्टीलचा कठडा. अंदाजपत्रकात त्याची ओळ असते, मोजमाप पुस्तिकेत नोंद असते आणि बिलही निघालेलं असतं. त्या उतारावरून कुणी व्हीलचेअर स्वतःच्या हातांनी वर नेऊ शकतो का, हे विचारणारा रकाना मात्र सहसा कुठल्याच कागदात नसतो. सुगम्यतेसाठी आपल्याकडे कायदा आहे, थोडाफार पैसाही आहे. घोडं अडतं ते इथे: आपण 'आहे की नाही' एवढंच मोजतो, 'वापरता येतं का' हे मोजत नाही.

प्रश्न मूठभर लोकांचा नाही. २०११च्या जनगणनेत देशात सुमारे २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. तेव्हा दिव्यांगत्वाच्या प्रकारांची कायद्यातली यादी आजच्यापेक्षा बरीच लहान होती. शिवाय गुडघे गेलेली आजी, गरोदर बाई, पाय प्लास्टरमध्ये असलेला तरुण हे या आकड्यात येतच नाहीत आणि त्यांनाही पायऱ्या अडवतातच.

जबाबदारी कोणाची

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७पासून लागू झाला. १९९५च्या जुन्या कायद्यात ७ प्रकारचं दिव्यांगत्व होतं, नव्यात २१ प्रकार आले. सिकलसेल, थॅलेसेमिया, पार्किन्सन, ॲसिड हल्ल्याने आलेलं दिव्यांगत्व हे सगळं त्यात आहे. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग काढला आणि दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यात आहे. पण फुटपाथ दिल्ली घालत नाही आणि मंत्रालयही घालत नाही. रस्ता, गटारावरचं झाकण, बसथांबा, शाळेचं फाटक, बाग, सार्वजनिक शौचालय, स्मशानभूमी हे सगळं ग्रामपंचायत, नगरपरिषद किंवा महानगरपालिकेच्या हातात असतं. प्रत्यक्षात ते कनिष्ठ अभियंत्याच्या सहीवर आणि ठेकेदाराच्या गवंड्यावर येऊन थांबतं.

कायद्यातली दोन कलमं या मंडळींनी पाठ करण्यासारखी आहेत. कलम ४४ म्हणतं की सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या आराखड्याला बांधकाम परवानगी देऊ नये आणि अशा इमारतीला पूर्णत्वाचा दाखला वा भोगवटा प्रमाणपत्रही देऊ नये. ही परवानगी देणारं टेबल स्थानिक संस्थेतच असतं, म्हणजे चावी घरातच आहे. कलम ४५नुसार जुन्या सार्वजनिक इमारती नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांत सुधारायच्या होत्या. नियम १५ जून २०१७चे आहेत, तेव्हा ती मुदत केव्हाच सरली.

मग अंमलबजावणी का झाली नाही? एक कारण सर्वोच्च न्यायालयानेच दाखवलं. राजीव रतुरी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४च्या निकालात न्यायालयाने २०१७च्या नियमांपैकी नियम १५(१) कायद्याशी विसंगत ठरवला. कायदा 'करावंच लागेल' म्हणतो आणि नियम नुसत्या शिफारशींवर भागवतो, हे चालणार नाही, असा त्याचा मथितार्थ. हैदराबादच्या नालसार विधि विद्यापीठातील दिव्यांगत्व अध्ययन केंद्राने केलेली पाहणीही न्यायालयासमोर होती. बंधनकारक किमान मानकं तीन महिन्यांत तयार करा, असा आदेश केंद्राला देण्यात आला. मार्गदर्शक सूचना आणि नियम यांतला फरक टेबलावर बसणाऱ्याला चांगला कळतो. सूचना वाचायची असते, नियम मोडला तर उत्तर द्यावं लागतं.

उतार मोजायची साधी रीत

रॅम्पचं गणित चौथीच्या मुलाला जमेल असं आहे. उतार १:१२पेक्षा तीव्र नको. जोता जेवढा उंच, त्याच्या बारापट रॅम्पची लांबी. प्रत्येकी १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या असतील तर चढ ४५ सेंटिमीटर, म्हणजे रॅम्प किमान ५ मीटर ४० सेंटिमीटर लांब हवा. प्रत्यक्षात पायऱ्यांशेजारी दोन मीटर जागा उरलेली असते आणि तेवढ्यातच उतार बसवला जातो. असा रॅम्प हवा त्यापेक्षा पावणेतीन पट तीव्र झाला. तो मोटरसायकल आत घ्यायला उत्तम. व्हीलचेअर त्यावर चढवायला दोन माणसं लागतात, आणि उतरताना ती सुटली तर थेट रस्त्यावर.

लांबीनंतर कठडे पाहायचे. ते दोन्ही बाजूंना हवेत, कारण अर्धांगवायू झालेल्या माणसाचा एकच हात चालतो आणि तो चढताना डावीकडे आला तर उतरताना उजवीकडे येतो. वळण असेल तिथे आणि दारापाशी खुर्ची फिरेल एवढी सपाट जागा हवी. पृष्ठभाग खरखरीत हवा, गुळगुळीत टाइल पावसाळ्यात घात करते. सगळं जमलं तरी शेवटी दारात दोन इंचांचा उंबरा ठेवलेला असतो, तो वेगळाच.

चूक बांधताना होत नाही, नकाशा काढतानाच होते. जोता किती उंच ठेवायचा हे ठरतं तेव्हाच रॅम्पला किती जागा लागेल हे ठरतं. इमारत उभी राहिल्यावर आठवण झाली की मागच्या बाजूला, कचराकुंडीशेजारी रॅम्प निघतो आणि दिव्यांग माणूस कार्यालयात मागच्या दाराने शिरतो. डिसेंबर २०२०पासून मुंबई आणि काही क्षेत्रं वगळता राज्यभर एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. अडथळामुक्त प्रवेशाच्या तरतुदी तिच्यातही आहेत. नकाशा मंजूर करणाऱ्याने जोत्याच्या आकड्याला बाराने गुणून पाहिलं तर पुढची निम्मी भानगड टळेल.

फुटपाथवरचे खांब आणि पिवळ्या फरश्या

मुंबईतल्या फुटपाथांवर दुचाकी चढू नयेत म्हणून महापालिकेने खांब रोवले. हेतू चांगला होता. पण कित्येक ठिकाणी दोन खांबांमधून व्हीलचेअरही जाईना. २०२३मध्ये एका व्हीलचेअर वापरणाऱ्या नागरिकाने मुंबई उच्च न्यायालयाला हे कळवलं आणि न्यायालयाने स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली. एका अडचणीवरचा उपाय दुसऱ्याची वाट कशी बंद करतो, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणार नाही. खांब ठरवणाऱ्या बैठकीत व्हीलचेअर वापरणारं एक जरी माणूस बसलं असतं तर हा मुद्दा पाच मिनिटांत निघाला असता.

पिवळ्या, उठावाच्या फरश्यांचंही तसंच झालंय. जपानच्या सेइइची मियाके यांनी त्या तयार केल्या आणि १९६७मध्ये ओकायामा शहरात पहिल्यांदा बसवल्या गेल्या. लांबट रेषांची फरशी म्हणजे 'असंच पुढे चला', ठिपक्यांची म्हणजे 'थांबा, पुढे वळण, पायरी किंवा रस्ता आहे'. पांढरी काठी आणि तळपाय या दोन्हींना ती भाषा कळते. आपल्याकडे ती घालणाऱ्या गवंड्याला बहुधा कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून रेषांची पट्टी सरळ जाऊन विजेच्या डीपीला किंवा झाडाच्या बुंध्याला भिडते, आणि रस्ता ओलांडायच्या जागी ठिपके नसतातच. अशी पट्टी नसलेली बरी, कारण अंध माणूस तिच्यावर विश्वास ठेवून चालतो.

पुणे महापालिकेने २०१६मध्ये पादचारी धोरण आणि नागरी रस्ते आरेखनाच्या मार्गदर्शक सूचना मंजूर केल्या. जंगली महाराज रस्त्यावरचा रुंद फुटपाथ त्याच विचारातून आला. तिथून दोन गल्ल्या आत गेलं की दुकानाची पाटी, चहाची टपरी, उभी केलेली दुचाकी आणि मग रस्त्यावर उतरावं लागतंच. फुटपाथ मोकळा ठेवणं हे बांधकाम खात्याइतकंच अतिक्रमण विभागाचंही काम आहे, आणि त्या दोन टेबलांमध्ये हा विषय हरवतो.

कुलूपबंद शौचालय

दिव्यांगांसाठीचं शौचालय म्हणजे खुर्ची आत वळेल एवढी जागा, बाहेर उघडणारं किंवा सरकतं दार, भांड्याशेजारी आधाराचे दांडे, हाताला येईल असं बेसिन. २०२१च्या केंद्रीय सुगम्यता मानकांत हे सगळं मोजमापांसह दिलेलं आहे. दार बाहेर उघडणारं का? आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्या अंगावरच अडकतं. सरकारी इमारतींतलं असं शौचालय मात्र पुष्कळदा कुलपात असतं, आत फिनेलचे कॅन आणि जुन्या फायली, आणि चावी ज्या शिपायाकडे तो जेवायला गेलेला.

पाच टक्क्यांचा हिशेब

महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींपासून महापालिकांपर्यंत स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. पूर्वी हे प्रमाण ३ टक्के होतं. मोठ्या महापालिकेसाठी ही रक्कम कोटींत जाते. पण घरपट्टी, पाणीपट्टी मिळून तीन लाख रुपये जमा होणाऱ्या गावात ती १५ हजार रुपये होते. गावात तीस दिव्यांग असतील तर माणशी पाचशे.

आणि बहुतेक गावांत तेच होतं. मार्चअखेर आला की यादी काढायची, सारखे वाटे करायचे, सरपंचांच्या हस्ते धनादेश द्यायचे आणि फोटो काढायचा. पैसे मिळालेल्याला त्या दिवशी उपयोग होतो, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण या निधीतून वैयक्तिक लाभासारखीच सामूहिक कामंही करता येतात. १५ हजारांत नवा रॅम्प होणार नाही, पण जुन्या रॅम्पला दुसरा कठडा लागतो, शाळेच्या शौचालयात आधाराचे दांडे बसतात, दारातला उंबरा फोडता येतो. कशाची गरज आहे हे यादीतल्या माणसांना आधी विचारलं पाहिजे. निधी वाटताना त्यांना बोलावतात, ठरवताना बोलावत नाहीत.

लाभासाठी बहुतेक ठिकाणी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, मागतात. तपासणी जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयात होते. तिथवर जायलाच गाडी करावी लागते, त्यामुळे गावच्या यादीत नसलेली माणसं नेमकी जास्त गरजवंत असतात. आशाताई, अंगणवाडीताई आणि ग्रामसेवक यांनी मिळून घरोघरची यादी केली, तालुक्याला शिबिर लावून गाडीची सोय केली, की हा अडसर निघतो. ज्या पंचायती हे करतात त्यांचं काम फारसं दिसत नाही, पण मला ते धनादेशवाटपापेक्षा मोलाचं वाटतं.

जागृती नेमकी कोणाची

जागृतीचे कार्यक्रम घेणं हेही कायद्याने, कलम ३९ने, शासनावर टाकलेलं काम आहे. आपल्याकडे ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, फेरी निघते, शाळकरी मुलं घोषणा देतात, एखाद्या दिव्यांग खेळाडूचा सत्कार होतो आणि 'यांच्याकडून प्रेरणा घ्या' असं भाषण होतं. ज्याला बसमध्ये चढता येत नाही त्याला प्रेरणास्थान करून काय साधतं, हा प्रश्न सहसा कुणी व्यासपीठावरून विचारत नाही.

खरी गरज काउंटरवर बसलेल्या माणसाच्या जागृतीची आहे. २०२३मध्ये मुंबईत खारच्या विवाह नोंदणी कार्यालयात व्हीलचेअरवरच्या वधूला उचलून दुसऱ्या मजल्यावर न्यावं लागलं. लिफ्ट नव्हती आणि अधिकारी खाली यायला तयार नव्हते. प्रकरण गाजलं, तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी दिलगिरी व्यक्त केली. कार्यालय राज्याचं होतं, पण तलाठ्याच्या चावडीपासून महापालिकेच्या मालमत्ता कर विभागापर्यंत प्रसंग हाच. लिफ्ट बसेल तेव्हा बसेल, रजिस्टर काखेत घेऊन खाली यायला निधी लागत नाही.

असंच साधं वागणं शिकवता येतं. सोबतच्या माणसाकडे पाहून 'यांना काय हवंय?' असं न विचारता ज्याचं काम आहे त्याच्याशीच बोलायचं. कर्णबधिर व्यक्ती आली तर ओरडायचं नाही, समोर तोंड करून सावकाश बोलायचं, नाहीतर कागद पुढे करायचा. अंध व्यक्तीचा हात धरून ओढायचं नाही, आपलं कोपर द्यायचं. लिपिक, बसवाहक, सफाई कर्मचारी, सुरक्षारक्षक यांना अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण पुरेल, आणि ते दिव्यांग व्यक्तींनीच द्यावं.

दिव्यांगांचे मोठे उत्सवही होऊ लागले आहेत. गोव्यात जानेवारी २०२३मध्ये पणजीला पहिला 'पर्पल फेस्ट' झाला, त्यानंतर पिंपरी-चिंचवड महापालिकेने जानेवारी २०२५मध्ये 'पर्पल जल्लोष' भरवला. तिथे दिव्यांग माणूस सत्कारमूर्ती म्हणून खुर्चीत बसत नाही, तो गातो, वाद घालतो, स्टॉल लावतो. हे चांगलंच आहे. मात्र उत्सवाच्या मैदानावर जे जमलं ते वॉर्डातल्या दवाखान्यात का जमत नाही, हे आयोजकांनाच विचारलं पाहिजे.

निवडणुकीचं उदाहरण तर डोळ्यांसमोर आहे. मतदान केंद्र सुगम्य असावं असं कलम ११ सांगतं, म्हणून मतदानाच्या दिवशी जिल्हा परिषदेच्या शाळेत रॅम्पची सोय होते, व्हीलचेअर येते, स्वयंसेवक उभे राहतात. तात्पुरता रॅम्प दुसऱ्या दिवशी निघून जातो. त्याच शाळेत कॅलिपर घालून येणारं मूल सोमवारी पुन्हा पायऱ्यांवर बसून सरकतं, आणि २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेच्या इमारतीला अडथळामुक्त प्रवेश हवा असं स्वच्छ लिहिलेलं आहे.

तक्रार, अर्ज, ग्रामसभा

कलम २३नुसार प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असावा लागतो. त्याने तक्रारींची नोंदवही ठेवायची आणि नोंद झाल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी करायची. समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय समितीकडे जाता येतं. राज्य आयुक्तांनाही तक्रारींची दखल घेण्याचे अधिकार आहेत. कायद्यातल्या तरतुदींचा भंग झाल्यास पहिल्या वेळी १० हजार रुपयांपर्यंत, पुढच्या वेळी ५० हजार ते ५ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

पाच टक्क्यांचा हिशेब मागायला माहिती अधिकाराचा अर्ज पुरतो, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं. गेल्या तीन वर्षांचं स्वउत्पन्न, दिव्यांगांवरचा खर्च, कामांची यादी आणि लाभार्थी निवडीची पद्धत एवढंच विचारावं. गावात त्याहून जवळचा मार्ग म्हणजे ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सभांना दिव्यांग सभासद यावेत म्हणून सभा तळमजल्यावर किंवा पटांगणात घ्यायला सांगावं. विकास आराखडा ठरतो त्या सभेत सुगम्यतेचं एक तरी काम नावानिशी, रकमेसह घालून घ्यावं. रॅम्पचं अंतिम बिल काढण्याआधी गावातल्या व्हीलचेअर किंवा कुबड्या वापरणाऱ्या एखाद्याने तो चढून पाहिल्याची नोंद कागदावर असावी, असा ठराव करायला कुठलाही कायदा आडवा येत नाही. मुद्दा लेखी द्यावा आणि इतिवृत्तात उतरला का ते पाहावं, कारण पुढच्या सभेत ते वाचून कायम करताना सरपंचांना त्यावर बोलावंच लागतं.