सरपणासाठी साखळीची करवत

बांधावरील वठलेल्या बाभळी फोडण्यासाठी साखळीची करवत घेऊ इच्छिणारे शेतकरीबंधू बहुधा लांब पात्याच्या यंत्राकडे ओढले जातात. हे इष्ट नव्हे. आधी आपले ओंडके मोजावे. एक फूट जाडीपर्यंत १६ इंची पाते व सुमारे ४० घनसेंटिमीटरचे इंजिन पुरेसे होते. पाते लांबले की वजन वाढते, व थकलेल्या हातांतच अपघात होतात. पात्याच्या टोकाची वरची बाजू लाकडास लागताच करवत उसळून चालविणाऱ्याच्या तोंडावर येते. सबब साखळी क्षणार्धात थांबविणारा ब्रेक नसलेले यंत्र फुकट मिळाले तरी घेऊ नये! बाभळीसारख्या कठीण लाकडात साखळी लवकर बोथटते. चकत्यांऐवजी भुकटी पडू लागली की धार लावावी. त्याकरिता गोल कानस यंत्राबरोबरच घ्यावी.