वाडा पाडण्याआधी त्याचं चित्र काढा

जुना वाडा पाडायचं ठरलं, की आधी सागवानी तुळया आणि नक्षीची चौकट विकली जाते. मग दगड जातात, माळवदाची पांढरी माती जाते. थोड्याच दिवसांत तिथे लोखंडी सळया उभ्या राहतात, आणि ढाळज नेमकी कुठे होती हे घरच्या सुनेलाही सांगता येत नाही.

आमच्या सेलूतही हेच चाललं आहे. निजामाच्या राज्यात, १९०० च्या सुमारास, मनमाडहून हैदराबादकडे जाणारी रेल्वे इथून धावू लागली. मराठवाड्यातल्या जुन्या वाड्यांची ठेवण आपल्या ओळखीचीच : दारात ढाळज, आत चौक, भोवती ओसरी, भिंतीत धान्याचं बळद आणि वर माळवद.

पाडणाऱ्यांना नावं ठेवू नयेत. दर पावसाळ्याआधी माळवदावर माती घालायची, वाळवीशी झगडायचं, हे आता होत नाही. शिवाय ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. जवळजवळ आठ हजार जीव गेले. ती भीती खोटी नव्हे. घर बदलू द्या, पण आधी ते कागदावर उतरवा.

हे वेड नवं नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, इंग्लंडात 'रेकॉर्डिंग ब्रिटन' ही योजना सुरू झाली. बॉम्बमुळे किंवा नव्या बांधकामामुळे जाऊ शकतील अशा जागांची चित्रकारांनी दीड हजारांवर चित्रं काढली, बहुतेक जलरंगात. त्यांत स्त्रियाही होत्या. ती चित्रं आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत.

तुम्ही म्हणाल, मोबाईलवर फोटो काढला की झालं! फोटो काढाच. पण चित्राला तास-दोन तास बसावं लागतं, आणि बसलं की घरातली आजी हळूच शेजारी येऊन टेकते. "ही बाळंतिणीची खोली बरं का," "रझाकारांच्या वेळी या बळदात दागिने लपवले होते, सासूबाई सांगायच्या." हे फोटोत कुठून येणार?

मग सुरुवात कशी करायची? घरच्यांना विचारून आत जा. दर्शनी भागाचे फोटो सगळेच काढतात, म्हणून तुम्ही स्वयंपाकघर, देवळी, कोनाडे, जातं ठेवायची जागा आधी काढा. या जागा आपण बायकाच ओळखतो. खांब मोजा, म्हणजे घर किती खणांचं ते कळेल. मुलांची ड्रॉइंगची वही, पेन्सिल आणि जलरंगाची साधी पेटी पुरते. रेघ वाकडी आली तरी चालेल, पण खिडकी जिथे आहे तिथेच दाखवा. चित्राच्या मागे तारीख, गल्ली आणि प्रत्येक जागेचं घरात चालणारं नाव लिहा. बळद, ढाळज हे शब्दही वाड्याबरोबरच चालले आहेत.

आणि चित्राची एक प्रत त्या घरी नक्की द्या. नव्या घराच्या वास्तुशांतीला याहून चांगला आहेर कोणता?