दिल्लीची दाटी आणि तिची भाषा

१९४१ साली दिल्लीत सुमारे नऊ लाख माणसे राहत होती. १९५१ साली साडेसतरा लाख. दहा वर्षांत जवळपास ९० टक्के वाढ झाली, ती प्रामुख्याने जन्मदरामुळे नव्हे, तर फाळणीमुळे. पश्चिम पंजाबातून आलेले निर्वासित लाजपतनगर, राजेंद्रनगर अशा नव्या वसाहतींत स्थिरावले आणि दिल्लीच्या बोलण्यात पंजाबी रुजली.

२०११च्या जनगणनेत दिल्लीची लोकसंख्या सुमारे १ कोटी ६८ लाखांवर गेली. घनता चौरस किलोमीटरला ११,३२० माणसे, महाराष्ट्राची ३६५. पण राज्यात शेते, डोंगर, जंगलेही मोजली जातात, दिल्ली मात्र बहुतांशी शहरच. शिवाय सरासरी फसवी असते. ईशान्य दिल्ली जिल्ह्यात घनता ३६ हजारांवर, तर बंगले आणि सरकारी कचेऱ्यांच्या नवी दिल्ली जिल्ह्यात जेमतेम चार हजार. त्या जिल्ह्याची लोकसंख्या २००१ ते २०११ या काळात चक्क घटली. त्याच दशकात शेजारच्या गुडगाव जिल्ह्याची मात्र ७० टक्क्यांहून अधिक वाढली.

भाषांचे आकडेही जपून वाचावेत. २०११च्या जनगणनेनुसार सुमारे ८५ टक्के दिल्लीकरांची मातृभाषा हिंदी. पंजाबी आणि उर्दू प्रत्येकी पाच टक्क्यांच्या आसपास. मात्र भोजपुरी, गढवाली, हरियाणवी बोलणारेही जनगणनेत हिंदीतच मोजले जातात. मैथिलीला २००३च्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले, म्हणून तिची नोंद वेगळी होते. म्हणजे तक्त्यातली ‘हिंदी’ हे अनेक बोलींचे एकत्र कुटुंब आहे.