गोधडीच्या घडीत अंटार्क्टिका

अंटार्क्टिकावरच्या लेखानंतर चंद्रपूरहून नववीतल्या एका मुलीचं पत्र आलं. ‘तिथं सगळा बर्फच असेल, तर भूवैज्ञानिक जाऊन करतात काय?’ प्रश्न मोठा नेमका आहे. त्या खंडाची दोन टक्केही जमीन उघडी नाही. बाकी सगळं सरासरी दोनेक किलोमीटर जाड बर्फाखाली. म्हणून कातळ जिथं डोकं वर काढतो, तिथं भूवैज्ञानिक पोचतात.

शिरमाखर टेकड्या ही तशीच एक जागा. जेमतेम 35 चौरस किलोमीटरचा उघडा पट्टा, त्यात शंभरावर तळी. डिसेंबर 1983 मध्ये गोव्याहून निघालेल्या तिसऱ्या भारतीय मोहिमेतून डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता इथं पोचल्या. त्याच जहाजावर गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या, नागपुरात जन्मलेल्या डॉ. अदिती पंतही होत्या. अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या भारतीय महिला म्हणून दोघींची नावं सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत आली आणि तिथंच थांबली. याची मला फार चुटपुट लागते. पहिलं पाऊल पडल्यावर त्या पावलांनी पुढं केलं काय, हे मुलांना कुणी सांगतच नाही.

सेनगुप्ता संरचना-भूविज्ञानाच्या अभ्यासक, म्हणजे खडकांच्या घड्या वाचणाऱ्या. घरातली गोधडी घ्या आणि मधोमध दुमडा. दुमडीची कड सरळ दिसेल. आता तीच गोधडी आडवी दुमडा. नव्या दुमडीची कड सरळ असेल, पण पहिलीची कड मात्र आता स्वतःच वाकलेली असेल. घडी घालताना तुम्ही पाहिलं नसलं, तरी कुठली घडी आधीची ते लगेच ओळखता येतं. खडकांतही अगदी हेच करायचं; फक्त इथली गोधडी वीस किलोमीटरहून खोल, भाजणाऱ्या उष्णतेत दुमडली गेली आणि कोट्यवधी वर्षांच्या झिजेनंतर उघडी पडली. शिवाय ती फाटलेली, मध्येच नव्या वितळलेल्या खडकाची ठिगळं लागलेली. शिरमाखरचे खडक एकदा नव्हे, वारंवार दुमडले गेले, आणि सेनगुप्तांनी त्या दुमडींचा क्रम लावून दाखवला. यासाठी मोठी यंत्रं लागत नाहीत. हातोडा, होकायंत्र, कोन मोजण्याचं साधन, वही आणि दिवसभर चालण्याची तयारी पुरते. चालण्याचा सराव त्यांना होताच. गिर्यारोहणाचे धडे त्यांनी तेनझिंग नोर्गेंकडून घेतले होते! 1989 च्या मोहिमेतही त्या पुन्हा गेल्या, आणि 1991 मध्ये त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला. तिथल्या आठवणी त्यांनी ‘अंटार्क्टिका’ या बंगाली पुस्तकात लिहून ठेवल्या आहेत.

ध्रुवीय मोहिमांच्या गोष्टींत झेंडे लक्षात राहतात, दगड नाही. कॅप्टन स्कॉटची हकिकत सगळ्यांना ठाऊक असते: दक्षिण ध्रुवावर अमुंडसेन आधी पोचला होता आणि परतीच्या वाटेवर स्कॉटची तुकडी थंडी-भुकेनं संपली. पण 8 फेब्रुवारी 1912 रोजी, अंगात त्राण नसताना, ही माणसं बिअर्डमोर हिमनदीच्या काठी दगड गोळा करत थांबली होती. तुकडीतल्या डॉ. एडवर्ड विल्सन यांना त्यांत पानांचे ठसे दिसले. नोव्हेंबरमध्ये शोधपथकाला तंबू सापडला, तेव्हा सुमारे 16 किलो दगड तिथंच होते. अखेरपर्यंत ओढत आणलेले, टाकून न दिलेले. मी हे जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा गळा दाटतो.

1914 मध्ये सीवर्ड या वनस्पतिजीवाश्म-तज्ज्ञानं त्यातली पानं ओळखली. वनस्पतीचं नाव निघालं ग्लॉसोप्टेरिस इंडिका. ‘इंडिका’ का? कारण हे पान भारतातून आधीच माहीत होतं. ग्लॉसोप्टेरिसची पानं तर नागपूरजवळ कामठीच्या खडकांतही मिळतात. रेव्हरंड हिस्लॉप यांनी तिथले वनस्पती-जीवाश्म एकोणिसाव्या शतकातच जमवले होते. या झाडांचं बी समुद्र ओलांडून जाण्यासारखं नव्हतं. तेव्हा जमीनच सलग होती आणि तिला गोंडवन हे नाव मिळालं, ते गोंडांच्या मुलखावरून.

तर चंद्रपूरच्या मुली, तुझ्या गावच्या खाणींतला कोळसा याच झाडांच्या जंगलांचा आहे. कोळशालगतचा पातळ पापुद्र्यांचा करडा दगड हाती लागला, तर हलकेच उकलून बघ. जिभेच्या आकाराचं पान, मधोमध जाड शीर, दोन्ही बाजूंना शिरांची बारीक जाळी. विल्सननं पाहिलं होतं, ते असंच.