दाराशी आलेल्याला काय म्हणावं?

झुंजूमुंजू झालं की गावात वासुदेव शिरायचा. डोक्यावर मोरपिसांची टोपी, अंगात पायघोळ अंगरखा, हातात टाळ आणि चिपळ्या. घरातली बाई सुपात पसाभर जोंधळे घेऊन अंगणात येई आणि त्याच्या झोळीत घाली. मग वासुदेव गिरकी घेऊन पंढरीच्या विठोबाला, जेजुरीच्या खंडोबाला, तुळजापूरच्या भवानीला दान पावल्याचं गाऊन सांगे. घरातल्या गेलेल्या माणसांची नावं विचारून त्यांच्याही नावाने तो दान पावतं करी. सासऱ्याचं किंवा आईचं नाव त्याच्या तोंडून ऐकलं की त्या बाईला दिलेल्या पसाभर धान्याचं मोल पुरेपूर मिळाल्यासारखं वाटे. कोणी काय बोलायचं, कोणी काय द्यायचं, हे दोन्हीकडे ठाऊक होतं.

महाराष्ट्रात देवाच्या नावाने दारी येणाऱ्यांची परंपरा मोठी आहे. वासुदेव, पिंगळा, गोंधळी, भराडी, पोतराज, नंदीबैलवाले, वाघ्या-मुरळी, जोगती, रामदासी, फकीर. रा. चिं. ढेरे यांच्यासारख्या अभ्यासकांनी या उपासकांची नोंद आस्थेने करून ठेवली आहे. पण त्यांना सामोरं जाणाऱ्या घरांचाही एक आचार होता. त्याकडे आपलं फारसं लक्ष गेलेलं नाही, आणि आज तोच आपण विसरत चाललो आहोत.

ज्याची त्याची वेळ, ज्याचा त्याचा मान

पिंगळा उजाडायच्या आत कंदील घेऊन येई, वासुदेव त्याच्यामागून. मंगळवारी आणि शुक्रवारी देवीचा जोगवा मागणारी परडी घेऊन उभी राही. तिच्या परडीत पीठ-मीठ पडे. रविवारी खंडोबाच्या नावाने भिक्षेचा कोटंबा पुढे येई. पोतराज स्वतःच्या अंगावर कोरडा ओढत, घुंगरं वाजवत येई आणि त्याच्या बायकोच्या डोक्यावर मरीआईचा देव्हारा असे. बायका आधी देव्हाऱ्याला हळदकुंकू लावत, मग सूप पुढे करत.

यातले काहीजण पिढीजात मागणारे होते, काहीजण एका दिवसापुरते. ज्यांच्या घरी खंडोबा किंवा तुळजाभवानी कुलदैवत आहे, अशी खाऊनपिऊन सुखी असलेली माणसंही ठरल्या दिवशी पाच घरी खंडोबाची वारी किंवा देवीचा जोगवा मागतात. मुंजीत बटू ‘ॐ भवति भिक्षां देहि’ म्हणत पहिला हात पुढे करतो तो आईपुढेच. मागायची वेळ प्रत्येकावर येते, हे ही रीत लहानपणीच शिकवून ठेवते.

मागणारा लहान आणि देणारा मोठा, हा हिशेबही आपल्या श्रद्धेने उलटा केलेला आहे. दत्तात्रेय दुपारची भिक्षा कोल्हापुरात मागतात, अशी श्रद्धा आहे. गुरुचरित्रात नृसिंहसरस्वती गरीब ब्राह्मणाच्या घरी घेवड्याच्या शेंगांची भाजी जेवतात आणि जाताना दारचा वेल उपटतात. तो वेल खणताना त्या घराला धनाचा हंडा सापडतो. शिर्डीत साईबाबा ठरावीक घरीच भिक्षेला जात. दाराशी उभा असलेला कोण असेल सांगता येत नाही, म्हणून त्याच्याशी नीट वागावं, हा या कथांनी लावलेला वळणाचा धडा आहे.

याचं सर्वांत रेखीव रूप पाहायचं तर कोल्हापूर-सांगली भागातल्या जैन वस्त्यांत दिगंबर मुनींच्या आहाराची वेळ पाहावी. इथे मुनी मागत नाहीत, घरचेच त्यांना बोलावतात. धुतलेले कपडे नेसून, हातात कलश किंवा श्रीफळ घेऊन नवरा-बायको दाराबाहेर उभी राहतात. मुनी समोर दिसले की ‘नमोऽस्तु, नमोऽस्तु, अत्र तिष्ठ तिष्ठ’ अशी विनवणी सुरू होते. मुनींनी त्या दिवसासाठी मनात एखादा नियम धरलेला असतो. अमुक वस्तू हाती असलेलं दांपत्य दिसलं तरच थांबायचं, असा काहीतरी. तो जुळला नाही तर ते उपाशीच परततात. जुळला तर उभ्यानेच, हाताच्या ओंजळीत, दिवसातून एकदाच आहार घेतात. श्वेतांबर साधू-साध्वी दाराशी ‘धर्मलाभ’ म्हणतात आणि घरात जे आधीच शिजलेलं आहे त्यातलंच थोडं घेतात. त्यांच्यासाठी वेगळं रांधलेलं त्यांना चालत नाही.

‘पुढे जा’

नकाराचीही भाषा होती. ‘माफ करा महाराज’, ‘आज घरात सुतक आहे’, ‘अजून चूल पेटली नाही, फिरून या’, ‘बाबा, पुढे जा’. देणं जमत नसेल तर उत्तर लगेच द्यावं, माणसाला ताटकळत ठेवू नये आणि दार तोंडावर आपटू नये, एवढं घरातल्या पोरासोरांनाही कळत असे.

या आचाराचा ताप सोसणारेही होते. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 साली ‘गांवगाडा’ लिहिला, तेव्हा फिरस्त्यांचा कुणब्याच्या खळ्यावर पडणारा भार त्यांनी सडेतोडपणे मांडला. गाडगेबाबांनी दुसरा मार्ग दाखवला. आधी हातात खराटा घेऊन गाव झाडायचं, मग भाकरी घ्यायची. आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1927 साली महाडला आपल्या लोकांना शिळ्यापाक्या तुकड्यांसाठी हात पसरणं सोडून द्यायला सांगितलं. त्या जागृतीतून अनेकांनी पोतराजाचे केस उतरवले, कोरडा टाकला. पार्थ पोळके यांच्या ‘आभरान’मध्ये पोतराजाच्या घरातलं दुःख आतून कळतं. ज्यांनी स्वाभिमानाने दारोदार फिरणं थांबवलं, त्यांच्याबद्दल ‘आता पूर्वीसारखे येत नाहीत’ अशी हळहळ करण्याचा आपल्याला हक्क नाही. त्यांच्या मुलांच्या हातात पाटी-पुस्तक आलं, हे चांगलंच झालं.

ओळख पुसली की

पण काहीजण आजही फिरतात, कारण त्यांच्याकडे दुसरं काही नाही. कायदा त्यांच्याकडे भीक मागणारे म्हणूनच पाहतो. 1959 च्या मुंबई भीक प्रतिबंध कायद्यात गाणं, नाचणं किंवा भविष्य सांगणं या मिषाने भिक्षा मागणं हेही भीक मागण्यात मोडतं, आणि भिक्षेसाठी खासगी आवारात शिरणंही. पहिल्यांदा दोषी ठरलेल्यालाही एक ते तीन वर्षं संस्थेत डांबण्याची त्यात तरतूद आहे. हाच कायदा दिल्लीतही लागू होता. त्यातली भीक मागणं गुन्हा ठरवणारी कलमं 2018 साली दिल्ली उच्च न्यायालयाने तिथल्यापुरती घटनाबाह्य ठरवली.

त्याच वर्षी 1 जुलैला धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडे बाजार भरला होता. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा मोबाइलवरून फिरत होत्या. भिक्षुकी करत तिथे आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने पकडलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मरेस्तोवर मारलं. त्यांतले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातले होते. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या गावोगावच्या उंबऱ्यांवर देवाचं नाव घेतलं, त्यातल्या पाच माणसांना ‘तुम्ही कोण, कुठले?’ असं कोणी शांतपणे विचारलं नाही, आणि त्यांनी दिलेलं उत्तर कोणी ऐकून घेतलं नाही. दाराशी येणाऱ्याची ओळख पुसली गेली की कुठवर मजल जाते, ते राईनपाड्याने दाखवलं.

आजचं दार

आता दार फ्लॅटचं आहे, खाली वॉचमन आहे आणि येणारेही बदलले आहेत. कोणी बायबलची पुस्तिका देतो, कोणी गीतेची प्रत घेऊन येतो. मुस्लिम वस्तीत तब्लिगची मंडळी गश्तीला, म्हणजे घरोघरच्या फेरीला, निघतात आणि मशिदीत येण्याचं आवतण देतात. सज्जनगडाहून समर्थांच्या पादुका भिक्षेला निघतात, आणि गणपतीच्या आधी मंडळाची पोरं पावतीपुस्तक घेऊन येतात.

यातल्या प्रत्येकाला बोलण्याचा हक्क आहे आणि आपल्याला नको म्हणण्याचा. राज्यघटनेच्या 25 व्या कलमाने धर्माचा प्रसार करण्याची मोकळीक दिली आहे. मात्र आपल्या धर्माची शिकवण सांगणं वेगळं आणि दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क वेगळा, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली दिला. वर्गणी ही ऐच्छिकच असते. मंडळाकडे धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी आहे का, हे विचारायला संकोच करू नये आणि पावतीही मागून घ्यावी. आणि ‘घरावर संकट आहे, दागिने काढून द्या, मंतरून देतो’ असं कोणी म्हणाला, तर तो भिक्षेकरी नव्हे. दैवी शक्तीचा दावा करून फसवणाऱ्यांसाठी 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्याच कायद्याने कीर्तन, भजन, हरिपाठ आणि घरची उपासना बाजूला ठेवलेली आहे, हेही लक्षात असावं. असा फसवणारा दाराशी आला तर दार लावून 112 ला फोन करावा. त्या माणसाचा फोटो काढून गटागटांत फिरवू नये.

उरलेल्यांसाठी जुनाच आचार पुरेसा आहे. साखळी लावूनही नीट बोलता येतं. नाव, गाव विचारावं. उन्हातून आला असेल तर पाणी द्यावं. द्यायचं असेल तर नीट हाताने द्यावं, नसेल तर स्पष्ट नाही म्हणावं आणि वाद घालत बसू नये. त्याचा धर्म आपला असेल-नसेल, आपण देव मानत असू-नसू, याने त्यात काही फरक पडू नये. आणि हे सगळं मुलांच्या देखत करावं. अनोळखी माणसाला घाबरायला आपण त्यांना शिकवतो, त्यासोबत त्याच्याशी बोलावं कसं हेही शिकवणं आपल्याच हातात आहे.